कुत्र्याचे सांधे दुखतायत? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आमचा गुंड्या अकरा वर्षांचा लॅब्रडॉर. लालबागची जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तो सकाळी उठताना पुढचे पाय टेकवून जरा थांबायला लागला, मग मागचा भाग ओढल्यासारखा वर घ्यायचा. आम्ही म्हटलं, वय झालं. पहिली चूक इथेच झाली. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, झिजते, सांधा सुजतो, दुखतो, आणि दुखण्यावर औषध असतं. वाट पाहू नका की तो केकाटेल. पहिल्या पायरीशी घुटमळणं, सोफ्यावर चढणं सोडून देणं, एकच सांधा सारखा चाटत बसणं, हेच त्याचं कण्हणं.

खरं तर मला कळत होतं. डॉक्टर काय सांगतील या धास्तीने मी दोन महिने काढले. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून जागेवर आहे, आमच्याकडून चालत जाण्यासारखं, आणि मी मात्र गुंड्याला दुसऱ्या रस्त्याने फिरवत होते. शेवटी गेलो तेव्हा एक्स-रेमध्ये खुब्याचे दोन्ही सांधे झिजलेले दिसले. जाताना एक करा: घरी तो उठतो, जिना उतरतो त्याचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा. दवाखान्यात भीतीपोटी ही मंडळी अशी ताठ चालतात की आपणच खोटे पडतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे घरातली गोळी. माझ्या सासऱ्यांनी स्वतःची गुडघेदुखीची गोळी अर्धी करून चपातीत गुंडाळून दिली होती. गुंड्याने चपाती खाल्ली, गोळी थुंकली. लॅब्रडॉरने काही थुंकल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी निकामी होऊ शकते. पॅरासिटामॉलही आपल्या अंदाजाने देऊ नका, लिव्हरवर येतं. कुत्र्यांची वेदनाशामकं वेगळी, वजनावर डोस ठरतो, अधूनमधून लिव्हर-किडनीची रक्ततपासणी लागते. चालू असलेलं स्टेरॉइड डॉक्टरांपासून लपवू नका, स्टेरॉइड आणि ही वेदनाशामकं एकत्र चालत नाहीत. उलटी किंवा काळी शी झाली तर पुढची गोळी थांबवून लगेच फोन करा.

मग लाड. बिचारा आता किती दिवसांचा, म्हणून आईची साय, माझी बिस्किटं, वॉचमनकाकांचा वडापाव. अडतीस किलो झाला होता! अमेरिकेत ४८ लॅब्रडॉरवर पिल्लूपणापासून शेवटपर्यंत एक अभ्यास झाला. ज्यांना २५ टक्के कमी खाणं दिलं ते सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले, सांधेदुखीचा त्रासही त्यांना उशिरा झाला. मी हे वाचलं आणि सायीची वाटी आईसमोरून उचलली. आई दोन दिवस बोलली नाही. आता तो बत्तीसवर आहे. बरगड्या दिसत नाहीत, पण हात फिरवला की लागतात. एवढ्या एका गोष्टीने त्याच्या चालीत जो फरक पडला, तो सांध्यांसाठीच्या महागड्या पावडरींनी पडला नव्हता.

गुळगुळीत लादी हा मुंबईच्या घरांचा शाप. पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत योगा मॅट अंथरा, नखं आणि पंजामधले केस कापत राहा. आठवडाभर घरात आणि रविवारी शिवाजी पार्कला तासभर, हे बंद करा. रोज तीनदा दहा-दहा मिनिटं पुरे. अगदीच झोपवून ठेवलं तर मांड्यांचे स्नायू जातात आणि सांध्यावर जास्त भार येतो. जिन्यात आम्ही पोटाखालून जुना टॉवेल घालून मागचं वजन उचलतो. तळमजल्यावरच्या काकू म्हणतात, पालखी आली.

राहिली भीती. मी रात्री तीनला उठून त्याच्या नाकासमोर बोट धरायचे. तो जागा व्हायचा आणि मग दोघांचीही झोप जायची. डॉक्टरांनी सुचवलं म्हणून आता कालनिर्णयवर पेन्सिलने खूण करते: स्वतःहून उठला, जेवला, शेपटी हलवली, तर बरोबर; नाही तर फुली. फुल्या जास्त व्हायला लागल्या की बोलायचं, असं ठरलंय. शेवटच्या इंजेक्शनबद्दल, ते घरी येऊन देतात का, याबद्दल मी शांतपणे विचारून घेतलंय. मालाडला पालिकेची पाळीव प्राण्यांसाठी दाहिनी आहे, तेही वहीत लिहून ठेवलंय. लिहिलं त्या रात्री रडले, पण तीनला जाग आली नाही.

या महिन्यात चार फुल्या आहेत. त्यातली एक गणपतीच्या आगमनाच्या ढोलांमुळे, ती मी धरत नाही.