चित्र वाचायला जाऊ नका : आर्ट थेरपीच्या नावाखाली होणाऱ्या या चुका टाळा

पाच वर्षांच्या एका मुलीनं दहा मिनिटं खपून मांजर काढलं. मिशा मोजून सहा, गळ्यात घंटा. मग गडद निळ्या रंगात ब्रश बुडवला आणि सगळ्या कागदावरून सपासप फिरवला. मांजर गायब! मी शेजारीच बसले होते. तोंडातून निघून गेलं, "अगं, केवढं छान जमलं होतं, बिघडवलंस ना!" तिनं माझ्याकडे पाहिलं, अगदी अडाण्याकडे पाहावं तसं. "बिघडलं कुठे? रात्र झाली. मांजर झोपलं." त्यानंतर त्या दिवशी तिनं ब्रशला हात लावला नाही.

आपल्या लेखी चित्र म्हणजे शेवटी हातात उरलेला कागद. तिच्या लेखी तो कागद म्हणजे गोष्ट घडायची जागा होती, आणि गोष्ट संपली होती. घरी, वर्गात, शिबिरात आर्ट थेरपी, म्हणजे कलेच्या मदतीनं मनावर उपचार, म्हणून जे चालतं, त्यातल्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच सापडतं. आपण चित्राकडे बघत बसतो आणि चित्र काढणारा नजरेतून सुटतो.

काळा रंग म्हणजे दुःख?

ही सगळ्यात बोकाळलेली चूक. मोबाइलवर तक्ते फिरत असतात: काळा रंग म्हणजे नैराश्य, दार नसलेलं घर म्हणजे एकटेपणा, हात नसलेला माणूस म्हणजे असहाय्यता. विसाव्या शतकाच्या मध्यात माणसाचं चित्र काढायला लावून स्वभाव ओळखण्याच्या चाचण्या खूप चालल्या. पुढे त्यांची कसून तपासणी झाली, तेव्हा अशा सुट्या खुणांवरून काढलेले निष्कर्ष भरवशाचे ठरले नाहीत. तक्ते मात्र अजून जिवंत आहेत.

त्यात मुलाचं वय कुणी विचारातच घेत नाही. तीन-चार वर्षांची मुलं डोक्यालाच पाय जोडतात, धड नसतंच. ते त्या वयाचं नेहमीचं चित्र आहे. त्याहून थोडी मोठी मुलं घराच्या भिंतीतून आतली माणसं आरपार दाखवतात, कारण आत माणसं आहेत हे त्यांना माहीत असतं. आणि हात राहून गेले याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं की कागद संपला.

मग बोलायचं काय? "हे काय काढलंयस?" हा प्रश्नही वाटतो तितका साधा नाही. दोन-अडीच वर्षांचं मूल हात फिरवण्याच्या मजेसाठी गिरगटत असतं. त्याला नाव विचारलं की ते आपल्याला खूश करायला काहीतरी ठोकून देतं. त्यापेक्षा दिसतंय तेवढंच म्हणा: "इथे खूप जोरात घासलंयस की." किंवा "याबद्दल काही सांगायचंय?" उत्तर नाही आलं तर विषय सोडा.

याला एक अपवाद आहे. मूल कुणी मारल्याचं, नको तिथे हात लावल्याचं बोललं, किंवा इजेचं एकच दृश्य पुन्हापुन्हा काढू लागलं, तर अर्थ लावू नका आणि उलटतपासणीही घेऊ नका. शांतपणे ऐका, त्याचेच शब्द तारखेसह लिहून ठेवा आणि उशीर न करता मुलांसोबत काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे जा.

शाबासकी आणि दुरुस्ती

"वा, काय सुंदर!" हे प्रत्येक कागदाला म्हटलं की पुढचा कागद त्या 'वा'साठी भरला जातो. दुरुस्ती तर त्याहून वाईट. मुलाच्या हातातली पेन्सिल घेऊन नाक नीट करून देणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि कोरा कागद दिसला की आधी आईच्या तोंडाकडे बघणारी त्यांची मुलंही.

मन नाजूक असताना जलरंग

याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. प्रत्येक साधनाचा स्वभाव वेगळा असतो. ओले रंग, बोटांनी फासायचे रंग, सैल माती ही साधनं वाहती आहेत. ती भावना वर आणतात. पेन्सिल, जाड खडू, कात्री आणि डिंक ही अडवणारी, धरून ठेवणारी साधनं. या क्षेत्रात सँड्रा केगिन आणि व्हिया लुसेब्रिंक यांनी 1978 मध्ये मांडलेली एक चौकट आजही वापरली जाते, आणि साधन काय द्यायचं याचा विचार तिच्यात येतो.

एका गटात नुकतीच बायको गेलेले एक गृहस्थ आले होते. सगळ्यांना ओला कागद आणि जलरंग वाटले होते. त्यांनी तांबडा टेकवला, तो पसरत हिरव्यात गेला, त्याचा मातकट डाग झाला. त्यांनी पुसायला बोट लावलं तर डाग आणखी पसरला. ब्रश खाली ठेवून ते म्हणाले, "हेही माझ्या हातात राहत नाही." हात थरथरत होता. आम्ही रंग उचलले आणि जुनी मासिकं, कात्री, डिंक पुढे ठेवलं. कातरलेली कड जिथे ठेवू तिथेच राहते. अर्ध्या तासात त्यांचा श्वास शांत झाला.

उलट, जो माणूस पट्टीनं रेघा आखल्याशिवाय काही करतच नाही, मनातलं ओठावर येऊ देत नाही, त्याला ओली माती कधीतरी उपयोगी पडते. पण हळूहळू, आणि त्याच्या मर्जीनं.

"सगळं दुःख कागदावर काढून टाक"

हा सल्ला ऐकायला बरा वाटतो, पण दरवेळी लागू पडत नाही. जेनिफर ड्रेक आणि एलेन विनर यांच्या 2012 मधल्या अभ्यासात, उदास झालेल्या ज्या लोकांनी त्या दुःखाचंच चित्र काढलं, त्यांच्यापेक्षा भलतंच काही काढणाऱ्यांचा मूड जास्त सुधारला. हा तात्पुरत्या मूडचा हिशेब आहे, खोल जखमेचा नाही. तरी घरी एकटं बसून रोज तेच काढत असाल आणि उठताना आणखी जड वाटत असेल, तर विषय बदला. खिडकीतलं झाड काढा, चपला काढा. जुना आघात उकरणं हे तज्ज्ञ सोबत असतानाचं काम.

"मला कुठे चित्र येतं?"

मोठी माणसं इथेच अडकतात. 2016 मध्ये गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी 39 प्रौढांना 45 मिनिटं कलेच्या साहित्यातून हवं ते करू दिलं. सुमारे 75 टक्के जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालं. आधी चित्रकलेचा सराव असण्या-नसण्यानं फरक पडला नाही. अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता; पण 'मला येत नाही' ही सबब बाद करायला तेवढा पुरे.

कोरा कागद अंगावर येत असेल तर तो आधी मळवा. डोळे मिटून डाव्या हातानं गिरगटा (डावखुरे असाल तर उजव्या), मग त्या गुंत्यात एखादा आकार दिसतो का बघा. किंवा ताटली ठेवून वर्तुळ आखा आणि त्याच्या आतच भरा. कडेमुळे धीर येतो. 2005 मधल्या एका प्रयोगात मंडल, म्हणजे वर्तुळातली नक्षी, रंगवणाऱ्यांची चिंता कोऱ्या कागदावर रंगवणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली होती.

पण रंगवायची वही म्हणजे उपचार नव्हे. ती निवांतपणा देते, आणि तेही थोडकं नाही. उपचार म्हणायचा तर समोर प्रशिक्षित माणूस, ठरलेली वेळ आणि गुप्तता हवी. ब्रिटनमध्ये तर नोंदणी नसताना स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवून घेणं बेकायदा आहे. झोप, भूक, शाळा किंवा काम दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल तर खडू बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर त्याच दिवशी.

फोटो काढून स्टेटसला

आईबाप कौतुकानं टाकतात, शिबिरवाले जाहिरातीसाठी. समुपदेशकाच्या खोलीत बोललेलं आपण भिंतीवर चिकटवत नाही, तोच नियम चित्राला लावा. शेवटची पाच-दहा मिनिटं राखून ठेवा आणि ज्याचं चित्र त्यालाच विचारा, "हे कुठे ठेवूया?" फाडायचं म्हणाला तर फाडू द्या.

त्या गृहस्थांनी कोलाजची घडी घातली, पाकिटात टाकली, पाकीट चिकटवलं आणि "तुमच्याकडेच राहू दे" म्हणाले. ते माझ्या कपाटात आहे. त्यांनी अजून मागितलेलं नाही, मी उघडलेलं नाही.