पुल्ड पोर्कसाठी व्हिनेगरविना बार्बेक्यू सॉस

पुल्ड पोर्कसाठी डुकराच्या खांद्याचा तुकडा घेतात आणि तो मंद आचेवर कित्येक तास शिजवून त्याचे धागे सोडवतात. या तुकड्यात चरबी भरपूर असते आणि चिवटपणाही; आतले तापमान ९० ते ९५ अंश सेल्सियसपर्यंत नेऊन तिथे काही वेळ राहू दिले की मांसातील कोलॅजन या चिवट प्रथिनाचे मऊ जिलेटिन होते आणि मांस काट्याच्या नुसत्या ओढीने सुटते. मात्र ही चरबी आणि हा चिकटपणा जिभेवर बसतो, म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत या मांसाबरोबर आंबट सॉस देण्याची रीत पडली. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात तो सॉस म्हणजे जवळजवळ निव्वळ व्हिनेगर, मीठ आणि लाल मिरची. साउथ कॅरोलायनाच्या मध्य भागात मोहरीचा पिवळा सॉस. आणि कॅन्सस सिटीकडे टोमॅटो आणि मळीचा (मोलॅसिसचा, म्हणजे साखर करताना उरणाऱ्या काळ्या पाकाचा) दाट, गोडसर सॉस. व्हिनेगर टाळायचे असेल तर माझ्या मते पहिल्या प्रकाराच्या वाटेला जाऊच नये, कारण व्हिनेगर काढल्यावर त्यात उरते काय? कॅन्सस सिटीच्या धर्तीचा दाट सॉस मात्र व्हिनेगरविना उत्तम जमतो, आणि पुढील कृती त्याचीच आहे.

व्हिनेगर या सॉसमध्ये दोन कामे करते. एक म्हणजे ते आंबटपणा देते, आणि दुसरे म्हणजे त्यातील ॲसेटिक आम्ल उडून जाणारे असल्यामुळे घास तोंडाशी नेतानाच नाकाला एक तीक्ष्ण झणका लागतो. चिंच, लिंबू, आमचूर यांपैकी एकच पदार्थ घेऊन ही दोन्ही कामे होत नाहीत. चिंचेतील टार्टारिक आम्ल शिजवले तरी टिकते आणि सॉसला भरीव आंबटपणा देते, पण त्याला वास असा नसतो. लिंबाला वास आहे, पण तो उकळला की उडतो आणि मागे कडवटपणा राहू शकतो. म्हणून आंबटपणाचा पाया चिंचेने घालावा आणि वरचा झणका अगदी शेवटी, आच बंद केल्यावर, लिंबाच्या रसाने आणि मोहरीने द्यावा. चिंच इथे उपरी आहे असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकी बार्बेक्यू सॉसमध्ये सर्रास पडणाऱ्या वुस्टरशायर या आंबट-खारट इंग्लिश सॉसमध्ये ती पूर्वीपासून आहे.

तयारीच्या वेळी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. बाजारचे टोमॅटो केचप, तयार मोहरीची पेस्ट, वुस्टरशायर सॉस आणि बहुतेक तयार चिली सॉस या सर्वांत व्हिनेगर असतेच. ज्यांना ते केवळ चवीसाठी नको आहे त्यांचे केचपने बिघडत नाही. पण ज्यांना ते सोसत नाही त्यांनी केचपऐवजी साधी टोमॅटो पेस्ट, मोहरीच्या पेस्टऐवजी मोहरीची पूड आणि वुस्टरशायरऐवजी थोडा सोया सॉस घ्यावा, आणि सोया सॉसच्या बाटलीवरचा घटकांचा तपशीलही वाचावा.

दोन किलो कच्च्या मांसाचे शिजून, चरबी आणि हाड वजा जाता, साधारण किलो-सव्वा किलो पुल्ड पोर्क होते. तेवढ्यासाठी ४० ग्रॅम बिया काढलेली चिंच २०० मिलीलिटर गरम पाण्यात अर्धा तास भिजवून तिचा कोळ काढावा आणि गाळून घ्यावा. थाई दुकानात मिळणारी गोड चिंच या कामाची नाही. काळा, दाट तयार अर्क वापरायचा असल्यास एका चमच्यापासून सुरुवात करावी, कारण प्रत्येकाचा जोर वेगळा असतो. भांडे स्टीलचे घ्यावे. लोखंडी कढईत किंवा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चिंच शिजवली की सॉसला धातूची चव येते.

भांड्यात दोन मोठे चमचे तेल तापवून त्यात एक मध्यम कांदा किसून घालावा आणि त्याचे पाणी आटून तो बदामी होईपर्यंत परतावा. मग चार पाकळ्या लसूण ठेचून घालावी आणि लगेच १५० ग्रॅम टोमॅटो पेस्ट घालून मंद आचेवर परतत राहावे. या टप्प्यावर घाई केली तर सॉसला डब्याचा कच्चा वास राहतो. पेस्टचा भडक लाल रंग विटकरी होऊन कडेने तेल सुटू लागले, की ती झाली असे समजावे. आता एक मोठा चमचा स्मोक्ड पेपरिका (धुरावर वाळवलेल्या लाल मिरचीची पूड), एक लहान चमचा मिरपूड, अर्धा चमचा जिरेपूड आणि आवडीप्रमाणे लाल तिखट घालून अर्धा मिनिट परतावे. त्याहून अधिक नाही, कारण पेपरिका पटकन करपते.

त्यानंतर चिंचेचा कोळ, २५० मिलीलिटर साखर न घातलेला सफरचंदाचा रस, ८० ग्रॅम चिरलेला गूळ किंवा ब्राउन शुगर, दोन मोठे चमचे मळी, एक मोठा चमचा सोया सॉस आणि एक लहान चमचा मीठ घालावे. एरवी या सॉसमध्ये बहुधा सफरचंदाचे व्हिनेगर पडते. रस आटवल्याने त्या फळाची छटा तरी हाती राहते. मळीऐवजी काकवी चालते, पण ती सौम्य असल्याने मळीचा किंचित कडवट काळेपणा तिच्यात येत नाही. सॉस अर्धवट झाकण ठेवून वीस ते पंचवीस मिनिटे रटरटू द्यावा आणि मधूनमधून तळापासून ढवळावा. थेंबभर सॉस थंड बशीत टाकून बशी तिरकी केली असता तो संथपणे ओघळावा आणि त्याच्या कडेला पाणी सुटू नये.

सॉस शिजत असतानाच एक लहान चमचा मोहरीची पूड दोन चमचे थंड पाण्यात कालवून दहा मिनिटे बाजूला ठेवावी. मोहरीचा झणका पुडीत आयता नसतो. पाणी मिळाल्यावर तिच्यातील एका विकरामुळे (एन्झाइममुळे) तो तयार होतो, आणि उकळते पाणी घातले तर ते विकरच निकामी होते. दहा मिनिटांनी त्यात दोन मोठे चमचे लिंबाचा रस मिसळावा. आम्लामुळे तो झणका टिकून राहतो. गॅस बंद करून सॉस कोमट झाला की हे मिश्रण त्यात ढवळावे.

चव मात्र चमच्यातील सॉसची घेऊ नये. नुसता चाखताना जो सॉस फार आंबट वाटतो तोच चरबीदार मांसात मिसळल्यावर बेताचा लागतो. म्हणून मांसाचे चार धागे वाटीत घेऊन, त्यांना सॉस चोळून, मग मीठ, गूळ किंवा लिंबू वाढवायचे ते ठरवावे. मांस शिजताना सुटलेला रस थंड करून वरची चरबी काढावी, खालचा रस आधी मांसात मुरवावा आणि त्यानंतर किलोमागे सुमारे २०० मिलीलिटर सॉस मिसळावा, उरलेला ताटाशी द्यावा. मांस भट्टीत किंवा ओव्हनमध्ये असताना हा सॉस लावायचाच झाला तर तो शेवटच्या अर्ध्या तासात लावावा, कारण त्यातील साखर आधी लावल्यास जळते.

लिंबू नसेल तर अननसाचा ताजा रस शेवटी घालता येतो, मात्र तो गोड असल्याने गूळ कमी करावा. आमसुलाचा मोह कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना होईल, आणि आमसुले घालून डुकराचे मांस करण्याची रीत गोव्यात आहेही. पण त्या आंबटपणाचा मातकटपणा धुरकट पेपरिकाशी पटत नाही, असे मला वाटते.

व्हिनेगर नसल्यामुळे हा सॉस बाटलीत भरून फडताळात ठेवण्याजोगा नाही. तो काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवावा, अधिक काळासाठी फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर लिंबाचा वास उतरलेला असतो, तेव्हा गरम करून झाल्यावर थोडा ताजा रस पिळावा. व्हिनेगर सोसत नसलेल्या पाहुण्यांसाठी हा घाट घातला असेल, तर पावात मांसाबरोबर घालायच्या कोबीच्या कोशिंबिरीतले मेयोनेज आणि काकडीचे तयार लोणचे यांचीही लेबले पाहावीत, कारण सॉसमधून बाहेर काढलेले व्हिनेगर बहुधा तिथून परत येते.