मराठवाड्यात सॉलिड टॉपचा युकुलेले: घेताना काय बघायचं, उन्हाळ्यात कसा जपायचा

लातूर, नांदेड, संभाजीनगरकडची पोरं आता गिटार सोडून युकुलेले (गिटारीसारखंच छोटं वाद्य) वाजवायलेत, चारच तारा, बोटं सोलत नाहीत, एसटीत मांडीवर मावतो, आणि पहिला स्वस्तातला प्लायवाला वाजवून झाला की सगळ्यांना स्प्रूस नाहीतर सिडार लाकडाचा सॉलिड टॉप, म्हणजे थर न चिकटवता अख्ख्या लाकडाची वरची पाटी, पाहिजे असतो. घ्या की, आवाजात फरक पडतोच. पण त्या टॉपची पाटी जेमतेम दोन मिलिमीटरची असते, ती हवेतलं पाणी ओढते अन् सोडते, आणि आपल्याकडं मे महिन्यात हवेत पाणी असतंच कुठं?

आधी घ्यायचं काय ते बघू. 1879 साली मदेरा बेटावरून पोर्तुगीज मजूर हवाईला आले, त्यांच्या छोट्या वाद्यावरून युकुलेले झाला आणि हवाईत तो तिथल्याच कोआ लाकडाचा करायला लागले. कोआ, महोगनी ही हार्डवुड, आवाज गोड पण जरा दबका. स्प्रूस आणि सिडार सूचिपर्णी झाडाची, लाकूड हलकं तरी ताठ, म्हणून हलक्या बोटानं पण मोठा मोकळा आवाज येतो. स्प्रूस खणखणीत, सिडार गोलसर, पण सिडार इतकं मऊ की नुसतं नख ओढलं तरी रेघ उमटते. दणकून स्ट्रमिंग करणाऱ्यानं स्प्रूस घ्यावा आणि एकेक तार छेडणाऱ्यानं सिडार, माझं तरी हेच म्हणणं आहे. साइज कॉन्सर्ट किंवा त्याहून मोठा टेनर बघा, त्यांच्याखालच्या सोप्रानो साइजचा डबा लहान असतो, त्यात ह्या टॉपची मजा पूर्ण येत नाही.

आता फसवणूक कुठं होते ते सांगतो. नुसतं 'स्प्रूस टॉप' लिहिलं असलं की तो बहुतेक वेळा प्लायच असतो, वर स्प्रूसचा पापुद्रा. 'सॉलिड' हा शब्द पाहिजेच. आणि शब्दावर पण जाऊ नका, मोबाइलचा टॉर्च लावून साउंडहोलची (टॉपवरच्या भोकाची) कड बघा: लाकडाच्या वरच्या रेषा कडेवरून वळून पाटीच्या जाडीत सरळ उतरलेल्या दिसल्या तर सॉलिड, आडवे थर दिसले तर प्लाय. कडेला रंग नाहीतर पट्टी मारून ती झाकलेली असली तर दुकानदाराला स्पष्ट विचारा. मग ब्रिजच्या (टॉपवर चिकटवलेली, तारा अडकवायची पट्टी) मागं कागदाचा कोपरा सरकवून बघा, आत गेला तर ब्रिज सुटायलाय, ठेवून द्या. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) तारेची उंची अडीच-तीन मिलिमीटरच्या आसपास पाहिजे, आणि मोकळी तार अन् तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून ट्यूनरवर सूर तोच, फक्त एक सप्तक वरचा, आला पाहिजे.

खरं सांगू का, वाद्य भिंतीच्या खिळ्याला टांगून ठेवायची सवय असेल तर प्लायवालाच चांगला, त्याला ऊनपावसाचं एवढं काही वाटत नाही. बाकीच्यांनी पुढचं वाचा.

सॉलिड टॉपला 45 ते 55 टक्के ह्युमिडिटी (हवेतला ओलावा) मानवते. परभणी-नांदेडकडं पारा 42-43 च्या वर गेला की दुपारची हवा ह्याच्या निम्म्यानं पण ओली नसते. लाकूड रेषांना आडवं आकसतं, आणि टॉप चारी बाजूंनी चिकटवलेला, मग तो जाणार कुठं, फाटतो. पण त्याआधी सांगून जातो. मानेच्या कडेवरून बोट फिरवा, फ्रेटची टोकं खुपली तर लाकूड आत गेलंय. ब्रिजच्या मागं स्टीलपट्टी आडवी धरा, टॉप जरासा फुगीर असायला पाहिजे, पट्टीखाली मधोमध फट दिसली तर तो खाली बसलाय, आणि तारा झणझणायला लागल्या तर समजाच.

उपाय स्वस्त आहे. वाद्य कायम बंद केसमध्ये (त्याच्या पेटीत), बाहेर फक्त वाजवण्यापुरतं. साबणदानीला सगळीकडून भोकं पाडा, आत स्पंजचा तुकडा ओला करून घट्ट पिळून ठेवा, थेंब गळायला नको, आणि ती डबी केसमध्ये हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या टोकाच्या) बाजूला ठेवा, टॉपवर नाही. बोअरचं पाणी नको, क्षार साचतात, आरओचं घ्या. मे महिन्यात स्पंज दोन-तीन दिवसांत कोरडा पडतो, आणि कुबट वास आला की बदलून टाका. सोबत छोटा डिजिटल हायग्रोमीटर (ओलावा मोजायचा मीटर) ठेवा, पण तो खरं बोलतो का ते आधी बघून घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार थेंब पाण्यानं चिखलासारखं करा (पातळ नको), झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा, सकाळी 75 दिसायला पाहिजे. 70 दिसलं तर रोजच्या आकड्यात पाच मिळवायचे.

कूलरची हवा ओली असते म्हणून वाद्य त्याच्यासमोर ठेवणारे पण बघितलेत. तसलं करू नका, कूलर चालू असताना ओलं आणि लाइट गेली की तासाभरात कोरडं, ह्या हेलकाव्यानं लाकूड जास्त खचतं. उन्हात उभ्या गाडीत तर पाच मिनिटं पण नको, सरस मऊ पडून ब्रिज उचलला जातो.

पावसाळ्यात उलटं, टॉप फुगतो, तारा उंच वाटतात, तेव्हा स्पंज काढून सिलिका जेलच्या पुड्या टाका. केस जमिनीवर भिंतीला टेकवू नका, वाळवी.

पुसायला कोरडं मऊ फडकं बस्स, पॉलिश नको. डासाचं क्रीम लावलेला हात टॉपला लावू नका, त्यात डीट नावाचं रसायन असलं तर फिनिश (लाकडावरचा चकचकीत थर) चिकट होतं. तारा नायलॉन नाहीतर फ्लोरोकार्बनच्या, स्टीलची घातली तर ओढीनं टॉपच वर येईल. नवी तार चार-आठ दिवस उतरतच राहते, तो वाद्याचा दोष नाही.

आणि चीर पडलीच तर फेव्हिकॉल भरू नका, तो आत वाळला की पुढं नीट दुरुस्ती करता येत नाही. तारा सैल करा, केसमध्ये स्पंज टाकून आठवडाभर बंद ठेवा, बारीक चीर बरेचदा आपोआप मिटून येते, मग गिटार दुरुस्त करणाऱ्याकडं न्या, तो आतून लाकडाची चकती चिकटवून देतो. हार्मोनियमवाल्याचा हात चांगला असतो, पण एवढी पातळ पाटी त्याच्या रोजच्या कामातली नाही, तेव्हा पुणं-मुंबईला कुणी जाणारं असेल तर त्याच्याबरोबर पाठवा.