मामा तलावावर उपग्रहातून नजर कशी ठेवायची

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात जिकडे जावं तिकडे तलाव. पूर्वीच्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या ताब्यातले; कागदावर ‘माजी मालगुजारी’, बोलण्यात मामा तलाव. मी मच्छीमार संस्थेचं दप्तर सांभाळतो, म्हणून पाणी बिघडायला लागलं की मासळी मरायच्या आधी ते कळावं, एवढीच माझी धडपड. त्यासाठी पैसे लागत नाहीत.

युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण दर ५ दिवसांनी आपल्यावरून जातात. त्यांची चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर फुकट मिळतात. खातं उघडा, गाव शोधा, ‘एल२ए’ संच निवडा. त्यात हवेचा परिणाम काढून टाकलेला असतो. पावसाळ्यात ढगच दिसतात, म्हणून ऑक्टोबरचं स्वच्छ चित्र घ्या. तलाव तेव्हा भरलेला असतो. त्याची कड आखून जपून ठेवा.

उपग्रह प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे वेगळे मोजतो; त्यांना बी३, बी४ अशी नावं आहेत. बी३ हिरवा, बी८ डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. पाणी कुठवर आहे ते पाहायचं सूत्र: (बी३ − बी८) ÷ (बी३ + बी८). उत्तर शून्याच्या वर गेलं तर बहुधा पाणी. पण जलपर्णी पसरली की खाली पाणी असूनही ती जागा जमिनीसारखी दिसते. ‘तलाव आटला’ म्हणण्याआधी पाळीवर जाऊन या.

शेवाळासाठी (बी५ − बी४) ÷ (बी५ + बी४). शेवाळातलं हरितद्रव्य लाल प्रकाश (बी४) शोषतं, आणि लालच्या जरा पुढं, ७०५ नॅनोमीटरच्या आसपास (बी५), शेवाळी पाणी जास्त उजळ दिसतं. आकडा तारखेगणिक चढत गेला तर सावध व्हा. गढूळपणा नुसत्या बी४ वरून कळतो. बी५ चा एक ठिपका २० मीटरचा, म्हणून काठचे ठिपके सोडा. तिथं चिखल आणि बेशरमाची झुडपं पाण्यात मिसळून येतात. लहान बोडीसाठी, म्हणजे छोट्या तळ्यासाठी, हा उपाय नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उपग्रह पाण्याचा रंग पाहतो, पाणी तपासत नाही. म्हणून तो येईल त्या दिवशी, सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास, डोंगा मधोमध न्या. पांढरी थाळी वजन लावून दोरीनं खाली सोडा. दिसेनाशी झाली की दोरीला गाठ मारा आणि लांबी वहीत लिहा. सोबत पाण्याचा रंग, वास, मासे वर येऊन तोंड उघडतात का, हेही. अशा नोंदी साठल्या की आपल्या तलावासाठी कोणता आकडा धोक्याचा, ते तुमचं तुम्हालाच कळतं. दुसऱ्या तलावाचा आकडा इथं लावू नका.

लोणारचं सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झालं, तेव्हा तो रंग अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातही दिसला. कारण मात्र पाण्याचे नमुने तपासल्यावरच कळलं: खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. फ्लोराइड आणि नायट्रेटला तर रंगच नाही. पिण्याच्या पाण्यासाठी बाटली प्रयोगशाळेतच गेली पाहिजे.

तलावाच्या जमिनीवर कुणी अतिक्रमण केलंय का ते पाहायला बी८, बी४, बी३ हे पट्टे लाल, हिरवा, निळा या क्रमानं लावा. पीक लालभडक दिसतं, पाणी काळपट. उन्हाळ्यात आखलेल्या कडेच्या आत लाल दिसलं तर ती गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात घेतलेलं पीक, असू शकते. त्यावर लगेच बोट ठेवू नका. ऑक्टोबरमध्येही तीच जागा दरवर्षी लाल असेल तर तिथं जाऊन पाहा. जलपर्णी नसून धानाची बांधी (बांध घातलेलं भातशेत) निघाली, तर वेगवेगळ्या वर्षांची ऑक्टोबरची चित्रं तारखेसकट छापून ग्रामसभेत ठेवा, आणि सोबत तलाठ्याकडचा नकाशा न्या.