लाचेची तक्रार करताय? या चुका टाळा

जमिनीच्या फेरफाराची (मालकीबदलाची) नोंद अडलेली, हरकतीचे पंधरा दिवस कधीच उलटलेले, आणि कार्यालयात बसणारा खासगी इसम हळूच म्हणतो, "साहेबांचं तेवढं बघून टाका." बहुतेक प्रकरणं इथून पुढेच बिघडतात.

पहिली चूक म्हणजे पैसे देऊन काम उरकायचं आणि नंतर चिडून तक्रार करायची. एकदा पैसे गेले की सापळा, म्हणजे लाच घेताना रंगेहाथ पकडण्याची कारवाई, कशाचा लावणार? शिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत कळवावं लागतं. त्यामुळे मागणी झाली की काम अडलेलं असतानाच १०६४ला फोन करा किंवा जिल्ह्यातल्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागात (एसीबी) जा. निनावी पत्रावर सापळा लागत नाही. पंचांसमोर उभा राहणारा तक्रारदार लागतो.

"एसीबीत जातो," अशी धमकी तर मुळीच देऊ नका. समोरचा सावध होतो, आणि दुसऱ्या दिवशी फाइलमध्ये अचानक त्रुटी निघते.

सगळ्यात नाजूक टप्पा पडताळणीचा, म्हणजे सापळ्याआधी लाचेची मागणी खरंच होते का हे तपासण्याचा. रेकॉर्डर चालू असतो, पंच सोबत असतो आणि घाबरलेला तक्रारदार स्वतःच बोलून जातो, "पाच हजार देऊ का?" बचावाच्या वकिलाला एवढं पुरतं. कामाचं विचारा आणि गप्प राहा. आकडा त्याच्या तोंडून येऊ द्या. सापळ्याच्या दिवशीही तेच. नोटांना अँथ्रासीन पावडर लावलेली असते, अतिनील प्रकाशात ती हातावर चमकते. पण नोटा तुम्हीच टेबलावर ठेवल्या, तर त्या चमकण्याला फारसा अर्थ उरत नाही. मागणी आणि स्वीकार, दोन्ही सिद्ध व्हावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२२मध्ये नीरज दत्ता खटल्यात हेच स्पष्ट केलं.

स्वतः केलेलं रेकॉर्डिंग असेल तर ते कापू नका, व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या.

पुढे खटला रेंगाळतो. गावातली मंडळी "कशाला कुणाच्या पोटावर पाय देता" म्हणत घरी येतात, आणि तक्रारदार फितूर होतो. तारीख, वेळ, कोण काय बोललं हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. साक्षीची वेळ येईपर्यंत बारकावे आठवत नाहीत.

मागणी नाही, नुसती टोलवाटोलवी आहे? मग एसीबी नव्हे, २०१५चा लोकसेवा हक्क कायदा वापरा. सेवा या कायद्याखाली अधिसूचित (सरकारने जाहीर केलेली) असेल आणि मुदत टळली असेल, तर अपील करता येतं. त्यासाठी अर्जाची पोच मात्र हातात हवी.