इजिप्तच्या कादंबरीत गुलाम हेर कशी उभी करावी

आधी राजा आणि साल ठरवा. ‘प्राचीन इजिप्त’ म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांचा पसारा, तो एका कादंबरीत मावत नाही. दुसऱ्या रामसेसचा काळ (इ.स.पू. १२७९–१२१३) घेतला तर साधनं भरपूर मिळतात.

मग मुलीची खरेदी लिहा. रामसेसच्या कारकिर्दीच्या पंधराव्या वर्षी एका गृहिणीने सीरियातली मुलगी विकत घेतल्याचा पपायरस उपलब्ध आहे. किंमत ४ देबेन १ किते चांदी, म्हणजे जेमतेम ३७० ग्रॅम. नाणी नव्हतीच, त्यामुळे कपडे, कांस्याची भांडी, मधाचं मडकं अशी चिजवस्तू मोजून सौदा झाला. घासाघीस नीट रंगवलीत की पानभर साखळदंडांचं वर्णन करावं लागत नाही.

हेरगिरीचं कारण तिच्या कामातच शोधा. पाणी भरणारी, पंखा हलवणारी पोर समोर असूनही कुणाच्या लक्षात येत नाही. सीरियाचा दूत आपल्या दुभाष्याशी तिच्याच मातृभाषेत कुजबुजला, तर तिच्या कानावर फुकट पडतं. तिला लिहिता-वाचता मात्र येऊ देऊ नका. तेव्हा हजारातले मूठभर लोकच साक्षर होते.

निरोपाची वाट ठरवताना तिसऱ्या रामसेसविरुद्धच्या राणीवशातल्या कटाकडे पाहा. निरोप बाहेर पोचवायला आतला एक अधिकारी होता आणि दारावरच्या माणसांच्या बायकाही सामील होत्या. तुमच्याही कथेत असाच एखादा सामान्य दुवा ठेवा.

पत्र चोरायचंच असेल तर मोहोर लक्षात घ्या. पपायरसची घडी दोऱ्याने बांधत, गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबून त्यावर मुद्रा उमटवत. वाळलेली माती उचकटली की तडकते. नवी माती सहज मिळते, मुद्रेची अंगठी नाही. ती धन्याच्या बोटातून काढायची कशी, यावर अख्खं प्रकरण उभं राहतं.

प्रवास नदीने. उत्तरेला प्रवाहाबरोबर वल्ही मारत जायचं, दक्षिणेला उत्तरेच्या वाऱ्यावर शीड लावून. हस्तलिखितं हमखास बिघडतात ती उंटांचे तांडे आणि बटाटे-टोमॅटो यांमुळे. आणि पिरॅमिड त्या काळीही हजारभर वर्षं जुने होते, ते बांधणारे गुलाम दाखवू नका!

बातमी खोटी असली तर कथानक जास्त वळणं घेतं. सीरियातल्या कादेशच्या लढाईआधी (इ.स.पू. १२७४) दोन शासू भटक्यांनी हित्ती (आजच्या तुर्कस्तानातल्या शत्रू राज्याचं) सैन्य दूर अलेप्पोपाशी असल्याचं सांगितलं आणि रामसेस फसला. नंतर पकडलेल्या हित्ती टेहळ्यांना झोडपल्यावर खरं कळलं, तोवर उशीर झाला होता.

शेवटी सुटका. अकराव्या रामसेसच्या काळात एका बाईने आपल्या दासीच्या तीन मुलांना दत्तक घेऊन साक्षीदारांसमोर स्वतंत्र केल्याचा दस्तऐवज आहे. तुमच्या नायिकेलाही पळून जाण्यापेक्षा असा कागद मिळवू द्या, आणि त्यावर साक्षीला कोण उभं राहील ते पहिल्या प्रकरणापासून पेरत आणा.