सार्कोफायटन कसं ओळखायचं

पाण्याखाली मऊ प्रवाळ दिसलं की मी आधी देठ बघते. सार्कोफायटन हे त्यातलंच एक; त्याचा देठ जाड, फिकट, गुळगुळीत. त्यावर पॉलिप, म्हणजे प्रवाळाची वसाहत बनवणारे इवलेसे जीव, नसतात. वर अळंबीसारखी छत्री, वाढेल तशी कडेला झालरीगत दुमडलेली. जवळ जा, पण हात लावू नका; पॉलिप आत जातात आणि उरतं नुसतं चामडं. थोडं थांबलात तर प्रत्येक पॉलिपच्या पिसांसारख्या आठ स्पर्शिका मोजता येतील. या पॉलिपांच्या मधले बारीक ठिपकेही पॉलिपच, वसाहतीत पाणी खेळवणारे. सिन्युलॅरिया या दुसऱ्या मऊ प्रवाळात हे ठिपके नसतात. माझी गल्लत तिथंच व्हायची.

शोधायचं ते तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकपर्यंत, उथळ, उजेडाच्या प्रवाळखडकांवर. छत्री मिटलेली, मेणचट दिसली तर मेली समजू नका. बहुधा कात टाकत असते.